सिलिंडरच्या खांद्यावरची तारीख

घरी गॅसचा सिलिंडर आला की अजूनही अनेक घरांत आधी त्याच्या वरच्या पट्टीकडे नजर जाते. ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि असेच पुढे. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची फेरचाचणी व्हायला हवी. ती उलटून गेलेली दिसली, तर जाणती गृहिणी सिलिंडर दारातूनच परत पाठवते. ही सवय आपोआप लागलेली नाही. वर्षानुवर्षे सांगून सांगून ती अंगवळणी पडली आहे. आणि या सिलिंडरमधला दाब साधारणपणे दहा बारच्या आतच असतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पर्यटकाच्या पाठीला स्कूबाचा जो सिलिंडर बांधला जातो, त्यातला दाब असतो दोनशे बार. तारीख त्याच्याही खांद्यावर कोरलेली असते. ती वाचणारा मात्र विरळा.

स्कूबा कोकणाला आता नवखे राहिलेले नाही. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत मालवणचा किनाराही रत्नागिरीचाच होता. या धंद्याने मूळ धरले ते तिथे. १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले. पुढे पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ समुद्रतळाशी बसवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही पाणबुडीचा हा खेळ रुजतो आहे आणि गणपतीपुळ्याला येणारा पर्यटक देवदर्शनानंतर ‘स्कूबा कुठे होतं?’ म्हणून विचारू लागला आहे. हे चांगलेच आहे. मासेमारीचे उत्पन्न बेभरवशाचे झालेले असताना किनाऱ्यावरच्या तरुणांना घराजवळ मिळणारा हा रोजगार आहे.

सुरक्षेची चर्चा झाली ती बोटींची. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. त्यानंतर लाइफ जॅकेट, बोटीची क्षमता, परवाने यांवर बरेच बोलले गेले, आणि ते आवश्यकच होते. पण ज्या वस्तूशिवाय हा खेळ होऊच शकत नाही, त्या टाकीबद्दल क्वचितच कोणी बोलते. टाकीत हवाच तर असते आणि हवेला काय घाबरायचे, हा समज इतका पक्का आहे की भरलेल्या टाक्या वाळूवरून लोळवत नेल्या तरी पाहणाऱ्याला काही वावगे वाटत नाही.

त्या हवेचा हिशेब एकदा मांडायला हवा. सर्वत्र वापरली जाणारी ॲल्युमिनियमची टाकी रिकामी असताना चौदा किलोंच्या आसपास भरते. तिच्या पोटात पाणी मावेल जेमतेम ११ लिटर. तेवढ्याच जागेत कॉम्प्रेसर सुमारे २२०० लिटर हवा कोंबतो. मोटारीच्या चाकातल्या हवेपेक्षा हा दाब नव्वद पटींच्या घरात आहे. ही हवा एका क्षणात मोकळी झाली, तर तिच्यातली ऊर्जा एक टन वजनाची मोटार चाळीस मीटर उंच उचलायला पुरेल. आग लागायला तिथे काही नाही, हे खरे. पण धातूच्या भिंतीला दोनशे बारखाली तडा गेला, तर आगीची गरजच उरत नाही. आणि टाकी आडवी पडून नुसता व्हॉल्व्ह मोडला, तरी चौदा किलोंचा तो धातू वाट फुटेल तिकडे सुटतो.

हा धोका सर्वांत जास्त कोणाला? पर्यटकाचा टाकीशी संबंध फार तर अर्ध्या तासाचा. तो पाण्याखाली जातो, मासे पाहतो, फोटो काढतो आणि कपडे बदलून मालवणी जेवणाकडे वळतो. टाकी पहाटे भरणारा, पिकअपमध्ये चढवणारा, बोटीत उतरवणारा, दुपारी रिकाम्या टाक्या परत आणून पुन्हा कॉम्प्रेसरला लावणारा असतो गावातला वीस-बावीस वर्षांचा मुलगा. जगभरात टाक्या फुटण्याच्या ज्या घटना नोंदल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक टाकी भरत असतानाच्या आहेत. कारण धातूवरचा ताण वाढत जातो तो त्याच वेळी. म्हणजे टाकीच्या सुरक्षेचा प्रश्न पर्यटनाचा आहे त्याहून अधिक तो कामगारांचा आहे. ही बाजू समोर येत नाही, कारण बातमी पर्यटकाची होते.

टाकी भरायला लावण्याआधी तिच्या खांद्याकडे पाहणे हे त्या मुलाचे पहिले काम असायला हवे. व्हॉल्व्हच्या खाली, जिथे टाकीचा गोलावा सुरू होतो, तिथे धातूतच ठसे मारलेले असतात: बनावटीचा महिना आणि वर्ष, अनुक्रमांक, कामाचा दाब आणि पाण्याच्या दाबाखाली झालेल्या चाचणीची तारीख. त्यांवर पुढे रंग चढतो, जाहिरातीचे स्टिकर चिकटते, मिठाचा थर बसतो. बोटाने चाचपून, ओल्या फडक्याने पुसून ते आकडे वाचावे लागतात. ही पाण्याची चाचणी दर पाच वर्षांनी करायची असते. टाकी पाण्याने भरून तिच्यावर कामाच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहून अधिक दाब दिला जातो आणि ती किती फुगते, दाब काढल्यावर पूर्ववत होते का, हे मोजले जाते. हवेऐवजी पाणी अशासाठी की पाणी जवळजवळ दबतच नाही. टाकी फुटलीच तर ऊर्जा फारशी सुटत नाही.

पण पाच वर्षे हा समुद्रावर फार मोठा काळ आहे. म्हणून दरवर्षी एकदा टाकी उघडून आतून पाहायची, अशी जगभरच्या डायव्हिंग संस्थांची रीत आहे. हे काम जवळून पाहण्यासारखे असते. आधी हवा सावकाश सोडून द्यायची, मग व्हॉल्व्ह फिरवून काढायचा. बारीक कांडीचा दिवा आत सोडला की भिंती उजळतात. ॲल्युमिनियमच्या टाकीत कुठे पांढरी भुकटी धरलेली दिसते, पोलादी टाकीच्या बुडाशी तांबूस डाग किंवा खळगे दिसतात. छोट्या आरशाने मानेतले आटे एकेक करून न्याहाळायचे. एखादी केसासारखी रेघ तिथेच लपलेली असते. मग बुडाचा रबरी बूट काढायचा. या बुटाखाली खारे पाणी अडकून राहते आणि बाहेरून चकचकीत दिसणारी टाकी तिथे पोखरली जात असते. सगळे मिळून अर्धा-पाऊण तासाचे काम, पण ते शिकलेल्या माणसानेच करायचे.

आत पाणी जाते कसे? बहुतेक वेळा निष्काळजीपणाच्या एका क्षणात. डायव्ह संपल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडात समुद्राच्या पाण्याचे चार थेंब राहतात. टाकी कॉम्प्रेसरला जोडण्यापूर्वी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून ते फुंकून टाकले नाहीत, तर भरणारी हवा ते थेंब टाकीच्या पोटात ढकलते. दुसरे कारण म्हणजे टाकी पाण्याखाली पार रिकामी करणे. आत थोडा दाब उरला असेल तर बाहेरचे पाणी शिरत नाही. त्यामुळे वीस-तीस बार हवा राखून वर यायचे, हा नियम केवळ डायव्हरच्या श्वासासाठी नाही, तो टाकीच्या आयुष्यासाठीही आहे.

पोलादी टाकीत गेलेले खारे पाणी आणखी एक घात करते आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. लोखंड गंजते म्हणजे ते ऑक्सिजन घेते. बंद टाकीत हा ऑक्सिजन येणार तो श्वासाच्या हवेतूनच. दाबाखालच्या दमट हवेत गंज झपाट्याने वाढतो, हे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठाने १९७० च्या दशकात टाक्यांवर प्रयोग करून दाखवले होते. काही महिने पडून राहिलेल्या अशा टाकीवरचे दाबाचे घड्याळ सारे ठीक आहे असेच सांगते, कारण हवेतला चार पंचमांश नायट्रोजन जागच्या जागी असतो. ती हवा ओढणाऱ्याला गुदमरल्यासारखेही होत नाही. माणसाला गुदमरल्याची जाणीव होते ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, आणि तो तर उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतच असतो. त्याची शुद्ध थेट हरपते.

कोकणात हा मुद्दा पुस्तकी नाही. मेअखेरीला जलक्रीडा बंद होतात त्या ऑगस्ट सरेपर्यंत. तीन महिने टाक्या पडून राहतात, आणि कशा हवेत? भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते, पत्र्याच्या खिळ्यांना गंज ओघळतो, अशा हवेत. गंजासाठी याहून पोषक हंगाम नाही. वादळाचेही भान ठेवायला हवे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात घरांचे आणि शेडांचे पत्रे कागदासारखे उडवले. त्या शेडमध्ये कोपऱ्यात नुसत्या उभ्या करून ठेवलेल्या भरलेल्या टाक्या असत्या तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक चालकाने करावा.

साठवणीचे नियम साधे आहेत. हंगाम संपला की टाक्या गोड्या पाण्याने धुवायच्या, बूट काढून वाळवायच्या. आत वीसेक बार कोरडी हवा ठेवून व्हॉल्व्ह बंद करायचा. पूर्ण भरूनही ठेवायच्या नाहीत आणि पूर्ण रिकाम्याही नाहीत. सावलीत, हवेशीर आणि कोरड्या जागी उभ्या ठेवून साखळीने किंवा पट्ट्याने भिंतीला बांधायच्या. डिझेलचे कॅन, रंग, जनरेटर यांच्याजवळ त्यांना जागा नाही. आगीची आच लागलेली ॲल्युमिनियमची टाकी वरून धड दिसली तरी तिच्यावर पुन्हा भरवसा ठेवता येत नाही, कारण पावणेदोनशे अंशांच्या पुढे हा धातू आपली ताकद गमावू लागतो. म्हणूनच जुनी टाकी रंगवून भट्टीत भाजून ‘नवी’ करण्याचा प्रकार घातक आहे. रंग खुलतो, भिंत कमजोर होते. आणि सप्टेंबरात पहिल्या दिवशी, आत उरलेली पावसाळ्यातली हवा सोडून देऊन, पाहणी करून मगच नवी हवा भरायची.

किनाऱ्यावर यासाठी नवी शिस्त आणायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर मिरकरवाड्यात, हर्णैत, साखरी नाट्यात होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात. तळ खरवडून, फळ्या ठोकून पाहून, इंजिन उतरवून दुरुस्त होते. नारळी पौर्णिमेनंतर न पाहिलेली होडी दर्यात लोटणारा तांडेल सापडणार नाही. स्कूबाच्या टाकीला हीच वागणूक मिळायला हवी. पावसाळ्याची बंदी हा टाक्यांच्या तपासणीचा हंगाम म्हणून अधिकृतपणे ठरवून द्यावा, आणि तपासणीची तारीख नसलेली एकही टाकी सप्टेंबरात पाण्यात उतरू नये.

कायदा नाही असे मुळीच नाही. १८८४ च्या स्फोटके कायद्याखालचे गॅस सिलिंडर नियम, २०१६ दाबाखालच्या हवेलाही लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय महाराष्ट्रातच, नागपूरला आहे. सिलिंडर मान्यताप्राप्त बनावटीचा हवा, परदेशातून आणला असला तरी. तो भरायला परवाना लागतो. चाचणीची मुदत उलटलेला सिलिंडर भरता येत नाही. तो आपटायचा, घसरवायचा, लोळवायचा नाही. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावायचे नाही. आणि भरलेला सिलिंडर दुचाकीवरून न्यायचा नाही, हे तर नियमात स्पष्ट शब्दांत आहे. स्कूटरच्या पायाशी टाकी ठेवून बंदराकडे जाणाऱ्याला आपण नियम मोडतो आहोत याची कल्पनाही नसते. त्याला ते कोणी सांगितलेलेच नसते.

अडचण कायद्याच्या विखुरलेपणात आहे. सिलिंडर पेसोच्या कक्षेत, बोट आणि जलक्रीडेचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कक्षेत, तर साहसी पर्यटनाची नोंदणी २०२१ च्या धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे. बंदर अधिकारी बोट पाहतो, जॅकेट मोजतो. टाक्यांच्या शेडमध्ये शिरून खांद्यावरचे आकडे वाचणे हे यांपैकी कोणाचेच रोजचे काम नाही. ते कोणाचे तरी व्हायला हवे.

उपाय फार खर्चिक नाही. जलक्रीडेचा परवाना दरवर्षी देताना सागरी मंडळाने प्रत्येक चालकाकडून टाक्यांची यादी घ्यावी: अनुक्रमांक, बनावटीचे वर्ष, पाण्याच्या चाचणीची तारीख, आतून पाहणी केल्याची तारीख. कॉम्प्रेसरची नोंदवहीही याच यादीला जोडावी. कॉम्प्रेसर हवा ओढतो तिथेच जनरेटरचा धूर येत असेल, तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला ना वास ना रंग, आणि दहा मीटर खोलीवर त्याचा परिणाम दुपटीने होतो. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात कॉम्प्रेसरची गाळणी पुस्तकात दिलेल्या तासांच्या आधीच निकामी होते. ती कधी बदलली, हे लिहिलेले असेल तरच कळते.

जुन्या टाक्यांचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. १९८० च्या दशकाअखेरपर्यंत परदेशात ॲल्युमिनियमच्या बऱ्याच टाक्या ६३५१ क्रमांकाच्या मिश्रधातूच्या बनत. सतत दाबाखाली राहून या धातूच्या मानेत बारीक तडे जातात, हे नंतर उघड झाले आणि उत्पादक ६०६१ या मिश्रधातूकडे वळले. अमेरिकेने पुढे अशा जुन्या टाक्यांच्या मानेची विद्युतप्रवाहाने खास तपासणी सक्तीची केली. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली वापरलेली टाकी या पिढीतली तर नाही ना, हे बनावटीचे वर्ष वाचल्यावाचून समजणार नाही. तीच गोष्ट व्हॉल्व्हची. मेट्रिक मापाचा व्हॉल्व्ह इंची आट्यांच्या टाकीत सैलसर का होईना, बसतो. हाताला घट्ट लागतो आणि दाब चढला की गोळीसारखा उडतो. परदेशात अशाने माणसे जखमी झाली आहेत. बाद टाकी भंगारात द्यायची तर हवा पूर्ण सोडून, व्हॉल्व्ह काढून, भिंतीला भोक पाडूनच द्यावी. नाहीतर ती एकतर पुन्हा बाजारात येते किंवा भंगारवाल्याच्या गॅस कटरखाली दाबासकट सापडते.

छोट्या व्यावसायिकांचे म्हणणे असे असते की हे सगळे मोठ्या शहरांत ठीक, इथे कर्ज काढून बोट घेतलेली, हंगाम जेमतेम नऊ महिन्यांचा, चाचणीसाठी टाक्या दूरच्या शहरात पाठवायच्या तर भाडेच परवडत नाही. हे म्हणणे खोटे नाही, आणि त्यावर दंडाची पावती हे उत्तरही नाही. रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. यांपैकी एका ठिकाणी पेसोच्या मान्यतेने चाचणी केंद्र उभे राहिले, तर मालवणपासून दापोलीपर्यंतच्या टाक्या जून ते ऑगस्ट या काळात तिथेच तपासून होतील. लागणारी यंत्रणा म्हणजे पाण्याचा हौद, उच्च दाबाचा पंप, मोजमापाची साधने आणि शिकलेली दोन-चार माणसे. पर्यटनावर आणि बंदरांवर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ ठरावी. ‘आजवर इथे काही झालेले नाही’ हे दुसरे म्हणणे मात्र मान्य करता येणार नाही. धातू थकायला वर्षे लागतात, आणि आपल्याकडच्या टाक्यांची वर्षे आता कुठे भरत आली आहेत.

याच केंद्रात टाकी भरणाऱ्यांसाठी आठवड्याभराचा मराठी अभ्यासक्रम चालवावा. उत्पादकांची माहितीपुस्तके इंग्रजीत येतात आणि ती मालकाच्या खणात राहतात. भरणाऱ्या मुलाच्या हातात मराठीतला एक जाड, पाण्याने न भिजणारा तक्ता हवा: ठसे कुठे पाहायचे, कोणती टाकी नाकारायची, किती सावकाश भरायची, कुठे उभे राहायचे. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यालाच कॉम्प्रेसर चालवू द्यावा, आणि मुदतबाह्य टाकी नाकारल्याबद्दल त्याची रोजी कापली जाणार नाही, अशी अट मालकाच्या परवान्यात घालावी. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या आराखड्यात या केंद्रासाठी तरतूद झाली, तर पुढच्या जूनमध्ये पहिल्या टाक्या शिरगावच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या दारात उतरवता येतील.